जन्मस्थळ : भाट्ये

रत्नागिरी शहरातून पूल ओलांडला की काजळीच्या खाडीपलीकडे भाट्ये लागतं. लांबलचक पुळण, सुरूचं बन, झरी विनायकाचं देऊळ आणि १९५५ साली सुरू झालेलं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र. अशा गावातली एखादी मुलगी रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात बीएस्सी करते, पुढे पुण्याला जाऊन कर्करोगाच्या पेशींवर पीएचडी मिळवते आणि मग अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून रुजू होते. चार-पाच वर्षांनी घरी फोन येतो, ‘आई, माझं आय-१४० मंजूर झालं.’ घरात पेढे वाटले जातात. शेजारी विचारतात, म्हणजे आता ग्रीन कार्ड मिळालं ना? नाही, अजून मिळालेलं नसतं. ते मिळायला किती वर्षं लागतील हे तिने कोणता शोध लावला यावर फारसं ठरत नाही. ती कोणत्या देशात जन्मली यावर ठरतं.

या प्रकरणात आपण अशा एका कल्पित मुलीची फाइल उघडून पाहणार आहोत. मुलगी कल्पित असली तरी तिला लागू होणारे नियम खरे आहेत. ती मंजुरी म्हणजे नेमकं काय आणि ती कशी मिळते, हे मराठी घरांत फार कमी जणांना नीट माहीत असतं. त्या अज्ञानाची किंमत मुलं परदेशात एकटीने मोजतात, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी थोडा इतिहास. आज ज्या दारापुढे रांग आहे ते दार एके काळी बंदच होतं. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने भारतातून कायमच्या वास्तव्यासाठी जाणं जवळपास अशक्य केलं. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला. त्याच सुमारास यल्लाप्रगडा सुब्बराव नावाचे भीमावरमचे डॉक्टर बॉस्टनला पोचले होते. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत १९२५ साली प्रसिद्ध केली, ती आपल्याकडचे जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी आजही प्रात्यक्षिकात करतात. पुढे लेडर्ली कंपनीत त्यांच्या हाताखाली मेथोट्रेक्सेट तयार झालं. हत्तीरोगाच्या मोहिमेत आरोग्यसेविका घरोघरी येऊन समोर खायला लावतात ती डीईसीची गोळीही त्याच प्रयोगशाळेतली. पण या माणसाला नागरिकत्वाचा अर्ज करण्याचा हक्क आयुष्यातली बहुतेक वर्षं नव्हता. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना तो हक्क मिळाला आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा ठरला. १९४८ साली सुब्बराव वारले तेव्हा ते अमेरिकी नागरिक झालेले नव्हते.

आपल्या कमल रणदिवे यांची वाट वेगळी. पुण्यात जन्मलेल्या कमलताईंनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर काम करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. नंतर त्या रॉकफेलर प्रतिष्ठानच्या फेलोशिपवर बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी वाढवणारे ते हेच गे. कमलताई परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. जायचं, शिकायचं, परत यायचं, हा त्या पिढीचा साधा हिशेब होता.

तो हिशेब १९६५ च्या कायद्याने बदलला. देशोदेशीचे जुने कोटे गेले आणि वैज्ञानिक व व्यावसायिक यांना कायम वास्तव्यासाठी वेगळा प्राधान्यक्रम मिळाला. आज अमेरिकेत साठी-सत्तरी ओलांडलेली जी मराठी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी आहेत, ती बहुतांश या कायद्याच्या दारातून आत गेली. आपल्या कल्पित मुलीला लागू होणारी चौकट त्यानंतरची, १९९० च्या कायद्याची. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यांचे पाच वर्ग, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून जास्त नाहीत. हा सात टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा.

आता फाइल, म्हणजे आय-१४० हा अर्ज. संशोधकापुढे तीन रस्ते असतात. पहिला ईबी-१ए, म्हणजे असाधारण क्षमतेचा. त्यात दहा निकष आहेत आणि किमान तीन पुरे करायचे असतात : पुरस्कार, निवडक संस्थांचं सदस्यत्व, इतरांच्या कामाचं परीक्षण, मूलभूत योगदान, शोधनिबंध वगैरे. तीन निकष भरले म्हणजे झालं, असं मात्र नाही. कझारियन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्यातल्या २०१० च्या निकालानंतर अधिकारी दोन पायऱ्यांत बघतात : आधी निकष मोजायचे, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून हा माणूस खरोखर त्या क्षेत्राच्या शिखरावरच्या थोड्यांपैकी आहे का हे ठरवायचं. दुसरा रस्ता ईबी-१बी, नामांकित संशोधकांचा. त्यासाठी विद्यापीठाने किंवा कंपनीने कायम स्वरूपाची जागा देऊन स्वतः अर्ज करावा लागतो. पोस्टडॉकला अशी जागा सहसा मिळत नाही, त्यामुळे तो रस्ता बहुतेकांना बंदच.

तिसरा रस्ता सर्वांत जास्त वापरला जातो, एनआयडब्ल्यू, म्हणजे राष्ट्रहिताच्या कारणास्तव सूट. हा रस्ता ज्या ईबी-२ वर्गात येतो, तिथे एरवी मालकाला आधी जाहिरात देऊन सिद्ध करावं लागतं की या जागेसाठी लायक अमेरिकी माणूस मिळत नाही. एनआयडब्ल्यूमध्ये ती अट माफ होते आणि अर्ज संशोधक स्वतःच्या नावाने करतो. प्रयोगशाळाप्रमुख खूश आहे की नाराज, अनुदान पुढच्या वर्षी राहणार की नाही, याच्याशी अर्जाचा थेट संबंध राहत नाही. वर्षावर्षाच्या करारावर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे फार मोठं स्वातंत्र्य आहे.

या सुटीची कसोटी २०१६ च्या डिसेंबरात धनसर नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात नव्याने ठरली. तोही संशोधकच, एरोस्पेस अभियांत्रिकीतला. प्रश्न तीन. तुम्ही जे काम करणार म्हणता त्याला खरं मोल आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का? ते पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात का? आणि सगळं तोलून पाहता, नोकरीची आणि श्रमबाजाराच्या चाचणीची अट तुमच्यापुरती सोडून देण्यात देशाचा फायदा आहे का?

बहुतेक अर्ज पहिल्या प्रश्नावर अडखळतात. ‘मी कर्करोगावर संशोधन करते आणि कर्करोग हा महत्त्वाचा आजार आहे’ हे उत्तर पुरत नाही. आजार महत्त्वाचा आहे हे अधिकाऱ्याला ठाऊक असतं. त्याला अर्जदाराचं नेमकं काम बघायचं असतं : गर्भाशयमुखाच्या कर्करोगात केमोथेरपीला दाद न देणाऱ्या पेशी लवकर ओळखण्याची पद्धत, ती कोणत्या टप्प्यावर आहे, पुढच्या तीन-चार वर्षांत तिचं काय करणार, आणि ती एका रुग्णालयापुरती न राहता इतरत्र कशी जाणार. अवघं क्षेत्र मोठं आहे म्हणून आपलं काम मोठं ठरत नाही. २०२३ नंतर मंजुरीचं प्रमाण घसरलं आणि हा प्रश्न जास्त कडकपणे विचारला जाऊ लागला आहे.

भाट्याच्या नारळ केंद्राकडे पाहिलं की ही कसोटी चटकन समजते. ‘प्रताप’ ही नारळाची जात तिथली. नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी, लवंग अशी मसाल्याची आंतरपिकं घेऊन बागेचं उत्पन्न वाढवणारी ‘लाखी बाग’ही तिथलीच. या कामाची किंमत कशावरून ठरते? केंद्राच्या कुंपणाआत झाड किती उंच गेलं यावरून नाही, तर कुंपणाबाहेरच्या किती बागायतदारांनी ते आपल्या जागेत लावलं यावरून. संशोधकाच्या अर्जातही हेच पाहिलं जातं. तुमची पद्धत तुमच्या प्रयोगशाळेबाहेर कोणी उचलली?

म्हणून शिफारसपत्रं. याबाबतीत आपली मुलं हमखास चुकीच्या ठिकाणी जोर लावतात. मोठ्या नावाच्या प्राध्यापकाकडून पत्र मिळवण्यासाठी महिनेच्या महिने जातात आणि पत्रात येतं : ‘अर्जदार अत्यंत हुशार व मेहनती असून तिचे संशोधन अतिशय मोलाचे आहे.’ याचा उपयोग जवळजवळ शून्य. त्याऐवजी कुठल्या तरी मध्यम विद्यापीठातला, आपल्या मुलीला कधीही न भेटलेला संशोधक असं लिहितो, असं समजा : ‘औषधाला दाद न देणाऱ्या पेशी वेगळ्या काढायला आम्हाला पूर्वी तीन आठवडे लागत. तिच्या निबंधातली पद्धत आम्ही वापरायला घेतल्यापासून ते काम चार दिवसांत होतं. मी तिच्याबरोबर कधी काम केलेलं नाही.’ या तीन वाक्यांत एक घटना आहे, एक मोजमाप आहे आणि साक्षीदार त्रयस्थ आहे. अधिकारी जीवशास्त्रज्ञ असेलच असं नाही, पण हे त्याला कळतं. अशी पत्रं आयत्या वेळी मिळत नाहीत. आपला निबंध कोण वापरतंय यावर आधीपासून लक्ष ठेवावं लागतं, परिषदेत भेटलेल्या माणसाला नंतर दोन ओळी लिहाव्या लागतात. उद्धरणांचा कोणताही सरकारी किमान आकडा नाही. शंभर हवीत, तीनशे हवीत असं जे सांगितलं जातं ते ऐकीव आहे. कोणी उद्धृत केलं आणि कशासाठी केलं हे दाखवलेलं जास्त चालतं.

कोकणातच याचं एक उत्तम उदाहरण आहे, ते कधी असल्या अर्जाच्या वाटेला गेलं नाही तरी. डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या, हृदयावर होणारा परिणाम टिपला, १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध या विषबाधेवर चालतं हे १९८६ मध्ये तिथेच मांडलं. पुढे २०११ मध्ये प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्याने किती फरक पडतो याची चाचणी त्यांनी महाडमध्ये करून ‘बीएमजे’त प्रसिद्ध केली. मोठी प्रयोगशाळा नाही, मोठं अनुदान नाही. पण विंचूदंशाचा उपचार त्यांच्या कामाने बदलला आणि तो बदल त्यांच्या दवाखान्याबाहेर पोचला. ‘मूलभूत योगदान’ या निकषात नेमकं काय अपेक्षित आहे हे कोणाला समजावून सांगायचं असेल तर मी हेच उदाहरण देईन.

आता कागदपत्रांची ती बाजू, जी अमेरिकेत नाही तर इथे पुरी करावी लागते. ग्रीन कार्डाच्या शेवटच्या टप्प्यावर जन्मदाखला लागतो. आपल्याकडे जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो. भाट्याच्या घरातलं मूल रत्नागिरीच्या रुग्णालयात जन्मलं तर नोंद नगरपरिषदेत. त्यातून पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आई संगमेश्वरची असेल तर नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत, कोल्हापूरची असेल तर घाट चढून पलीकडे. शाळेच्या दाखल्यावर मात्र जन्मस्थळ भाट्ये, आणि पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून. शिवाय जुन्या नोंदींत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बारशाआधी नोंद होते आणि नाव घालायला परत कोणी जात नाही. मुलीच्या बाबतीत लग्नाआधीच्या नावाने शोधनिबंध आणि लग्नानंतरच्या नावाने पासपोर्ट, हा आणखी एक गुंता.

यातलं काहीच असाध्य नाही. दाखल्यात नाव नसेल तर ते नोंदवून घेता येतं. नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला आणि जोडीला शाळेची कागदपत्रं, आईवडिलांची किंवा जन्म प्रत्यक्ष माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतात. पण ती प्रतिज्ञापत्रं करणारी माणसं हयात असायला हवीत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की मूल बारावीत असतानाच एकदा ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन मूळ नोंदीचा उतारा डोळ्यांनी पाहा आणि आईवडिलांची नावं, तारीख, ठिकाण पासपोर्टशी ताडून घ्या. पोस्टडॉक होऊन दहा वर्षं झालेल्या मुलीने बाल्टिमोरहून फोनवर ग्रामसेवकाला जुन्या वर्षाचं रजिस्टर शोधायला लावणं फार अवघड असतं.

आणि आता रांग. फाइल दाखल झाली ती तारीख म्हणजे अग्रक्रम तारीख. जादा फी भरली तर एनआयडब्ल्यूचा निकाल ४५ आणि ईबी-१एचा १५ कामकाजी दिवसांत येतो. पण ईबी-२ वर्गाच्या वाट्याला वर्षाला साधारण ४०,००० कार्डं येतात. त्यातले सात टक्के म्हणजे भारतात जन्मलेल्यांना जेमतेम २,८००, आणि इतर देशांचं काही उरलं तर ते. या २,८०० मध्ये अर्जदारांचे नवरे, बायका, मुलंही धरलेली. परिणाम असा की २०२५ च्या उन्हाळ्यात भारताच्या ईबी-२ रांगेत २०१३ च्या आरंभाआधी ज्यांची तारीख होती त्यांचा नंबर लागत होता. ईबी-१ मध्ये तीच सीमा फेब्रुवारी २०२२ ची. याच फरकामुळे अनेक भारतीय संशोधक एनआयडब्ल्यू मंजूर झाल्यावरही पुन्हा ईबी-१एची फाइल करतात. आधीची अग्रक्रम तारीख नव्या फाइललाही लागू करून घेता येते, हे त्यातलं मोठं सुख.

सात टक्क्यांची मोजणी जन्मदेशावर होते, नागरिकत्वावर नाही. कोकणात याचा अर्थ काय होतो ते पाहा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली माणसं दोन-तीन पिढ्या आखातात नोकरीला आहेत. समजा दोन चुलत बहिणी. एकीचा जन्म रत्नागिरीत, दुसरीचा वडील कुवेतला असताना कुवेतमध्ये. दोघींचा पासपोर्ट भारतीय, आडनाव एक, शाळा एक, पीएचडी सारखी, निबंध सारखे, अर्ज एकाच दिवशी मंजूर. कुवेतमध्ये जन्मलेली कुवेतच्या हिशेबात जाते आणि थोड्या काळात तिचं ग्रीन कार्ड येतं. रत्नागिरीत जन्मलेली भारताच्या रांगेत उभी राहते, दशकभर किंवा त्याहून जास्त. नवऱ्याचा किंवा बायकोचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर जोडप्याला त्या देशाच्या हिशेबात जाता येतं. आईवडिलांना मात्र मुलाच्या जन्मदेशाचा असा फायदा नाही. मला ही रचना सरळसरळ अन्यायाची वाटते. कामाची पारख करायला इतकी काटेकोर कसोटी लावायची आणि मग बाळंतपण कुठे झालं यावर माणसाचा नंबर लावायचा, याचं समर्थन कोणी पटेल असं केलेलं माझ्या वाचनात नाही.

रांगेतलं आयुष्य तात्पुरत्या व्हिसावर चालतं. आय-१४० मंजूर असेल तर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सहा वर्षांपुढेही वाढवून मिळतो आणि जोडीदाराला २०१५ पासून काम करण्याचा परवाना मागता येतो. पण नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची. मूल २१ वर्षांचं झालं की, काही दिवसांची वजावट सोडली तर, ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून नव्याने आणल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचा आकार बसवला गेला आहे आणि त्यातून विद्यापीठांनाही सूट दिलेली नाही. कोणती प्रयोगशाळा एका पोस्टडॉकसाठी एवढे पैसे मोजेल?

जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर गेलेल्यांची एक जुनी डोकेदुखी मात्र कमी झाली. दोन वर्षं मायदेशी राहून आल्याशिवाय ग्रीन कार्ड नाही, ही अट भारतातल्या अनेक विषयांच्या संशोधकांना लागू होती. त्यातून सुटण्यासाठी राज्य सरकार, केंद्रीय मंत्रालय, पासपोर्ट कार्यालय अशा ना-हरकती गोळा करत मुलांचे वडील मंत्रालयाच्या खेपा घालत. डिसेंबर २०२४ मध्ये ज्या विषययादीमुळे ती अट लागत होती तिच्यातून भारताचं नाव निघालं. सरकारी पैशावर गेलेल्यांना आणि वैद्यकीय निवासी प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना अट अजून आहे.

अमेरिकेखेरीज इतर देशही आहेत. ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट व्हिसा २०२० पासून आहे, त्याला नोकरीची अट नाही आणि जन्मदेशाची रांग नाही. जर्मनीत ब्लू कार्डावर २७ महिन्यांत, जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांतच, कायम वास्तव्य मागता येतं. आपल्याकडची मुलं अजूनही अमेरिकेशिवाय दुसरा विचार करत नाहीत, तो करायला हवा.

परत येण्याचा रस्ताही आता कमल रणदिव्यांच्या काळाइतका एकाकी नाही. जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप परदेशातून परतणाऱ्या संशोधकाला पाच वर्षं पगार आणि संशोधनाचा खर्च देते. पुण्यात एनसीसीएस आणि आयसर आहेत, खारघरला टाटाचं अॅक्ट्रेक आहे. १९५७ मध्ये क्यासनूर जंगल रोगाचा विषाणू शोधणारी पुण्याची विषाणू संस्था आहे. तोच रोग, म्हणजे माकडताप, २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे माणसं आजारी पाडतोय, आणि जुनी लस परिणामकारक नसल्याने बंद करावी लागली आहे. परतणाऱ्याला इथे काम कमी नाही.

परतल्यावर आधीची मंजुरी वाया जाते, अशी बहुतेकांची समजूत असते, ती बरोबर नाही. एनआयडब्ल्यू किंवा ईबी-१ए कोणत्याही मालकावर अवलंबून नसतं. भारतात राहून काम करत असतानाही अग्रक्रम तारीख कायम राहते आणि रांग पुढे सरकत राहते. नंबर लागला आणि अर्जात सांगितलेलं काम अमेरिकेत जाऊन करण्याचा इरादा तेव्हाही खरा असला, तर मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत होते. पुण्यातल्या प्रयोगशाळेत पाच-सात वर्षं काम केल्यावर जायचं की नाही, हे ती तेव्हा ठरवू शकते.